कोल्हापूरची गाडी नेमकी कुठे आहे? गोंधळात टाकणाऱ्या रेल्वे माहितीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेल्वेत नोकरीला नाही. कोल्हापूर–पुणे ये-जा बरीच वर्षं चालू आहे, एवढंच माझं भांडवल. पण गल्लीत आणि पाहुण्यांत "गाडीचं ह्याला विचारा" असं होऊन बसलंय आणि फोनवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून एकदा लिहूनच काढले.

आधी एक गोष्ट सांगतो, खालची निम्मी उत्तरं तिच्यातूनच निघतात. बोर्डावर, ॲपवर, भोंग्यावर जी माहिती असते ती गाडीची असते, तुमची नसते. गाडी कुठून निघाली, कुठल्या तारखेला निघाली, इंजिन कुठल्या टोकाला आहे, असा सगळा गाडीचा हिशेब. तुम्ही हातकणंगल्याच्या फलाटावर पिशवी घेऊन उभे आहात, हे तिच्या गावीही नसतं.

तिकीट काढताना यादीत 'कोल्हापूर' दिसत नाही. स्टेशन गेलं कुठं?

आहे तिथंच आहे, फक्त नावाचा संक्षेप झालाय. अधिकृत नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, कोल्हापूर. आरक्षणाच्या यादीत एवढं नाव मावत नाही, म्हणून ते इंग्रजी अक्षरांत 'सी शाहूमहाराज टी' असं कोंबलेलं असतं. 'सी' म्हणजे छत्रपती, 'टी' म्हणजे टर्मिनस. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे मध्येच कुठलं गाव आलं? सोपा उपाय म्हणजे नाव शोधत न बसता स्टेशनचा कोड टाका: केओपी. मिरजेचा एमआरजे.

मात्र सगळीकडे कोडवर विसंबू नका. औरंगाबाद स्टेशनचं २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा नावाबरोबर कोडही बदलला. अहमदनगरचंही अहिल्यानगर झालंय. जुनं नाव टाकून "गाडीच नाही" असा निष्कर्ष काढण्याआधी नवं नाव टाकून बघा.

महालक्ष्मी पुण्याला रात्री पकडायची आहे. तिकिटावर तारीख कुठली?

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते ह्या प्रश्नावर, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस (१७४११) संध्याकाळी उशिरा सीएसएमटी सोडते आणि पुण्याला मध्यरात्रीच्या आसपास येते. वेळापत्रकात पुण्याची सुटायची वेळ शून्य-शून्यने सुरू झाली, म्हणजे ००:०५, ००:२० अशी असली, की दिनांक बदलला. आपल्या डोक्यात असतं, "शुक्रवारी रात्री जेवून निघायचं." आपल्या भाषेत ती शुक्रवारची रात्रच असते. रेल्वेच्या लेखी तो शनिवार. तिकीट काढताना तारीख टाकायची ती गाडी तुमच्या स्टेशनावर सुटते त्या क्षणाची, म्हणजे शनिवारची.

आता गंमत पुढे आहे. तीच गाडी कुठे आली हे बघायला लाइव्ह स्टेटस उघडलं, की तिथं विचारतात गाडी मूळ स्टेशनावरून सुटल्याची तारीख. ती शुक्रवारच. म्हणजे एकाच रात्री, एकाच गाडीसाठी, एकाच माणसाने तिकिटावर शनिवार आणि ॲपवर शुक्रवार टाकायचा, आणि दोन्ही बरोबर! ॲपवर शनिवार टाकला तर "गाडी अजून सुटलेली नाही" असं उत्तर येतं आणि माणूस फलाटावर निवांत चहा पीत बसतो.

उलट दिशेलाही तसंच. कोल्हापूरहून मुंबईला जाणारी महालक्ष्मी (१७४१२) रात्री निघते आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर पुण्यात येते. पुण्याहून तिने मुंबईला जाणाऱ्यांनीही तारीख दोनदा मोजावी.

माझं स्वतःचं झालेलं सांगतो. शुक्रवारचं तिकीट काढून शुक्रवारी रात्री पुण्याला सहकुटुंब फलाटावर. गाडी आली, डबा सापडला, बर्थवर दुसरेच कोणी झोपलेले. मी आवाज चढवला. टीसीने तिकीट बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमची गाडी काल रात्रीच गेली." चूक शंभर टक्के माझी. स्वारगेट गाठून एसटीच्या लाल डब्याने पहाटे कोल्हापूर. बायकोने सातारा येईपर्यंत तोंड उघडलं नाही, आणि नंतर उघडलं ते बरंच झालं नाही.

'आठवड्यातून तीन दिवस' गाडी आहे, मग आज परत यायला का नाही?

कारण ते तीन दिवस एका दिशेचे असतात. कोल्हापूर–पुणे वंदे भारत १६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली तेव्हाचा हिशेब बघा: कोल्हापूरहून सोमवार, गुरुवार, शनिवार, पुण्याहून बुधवार, शुक्रवार, रविवार. म्हणजे सकाळी वंदे भारतने जाऊन त्याच दिवशी तिनेच परत यायचं, हे गणितातच बसत नाही. पाहुण्यांना "वंदे भारतने या" म्हणताना वार सांगा.

लांबच्या साप्ताहिक गाड्यांत आणखी एक मेख आहे. गाडीपुढे लिहिलेला वार हा तिच्या मूळ स्टेशनाचा. हजरत निजामुद्दीनहून निघणाऱ्या गाडीपुढे जो वार आहे तो दिल्लीतला. आपल्या फलाटावर ती लागते तेव्हा कॅलेंडर पुढे गेलेलं असतं. आणायला जाणाऱ्यांनी वार नाही, तारीख विचारावी.

गाडीच्या क्रमांकावरून जाणारी की येणारी हे कळतं का?

कोल्हापुरात तरी नाही. 'विषम जाणारी, सम येणारी' असं काही जण ठासून सांगतात. कोयना एक्सप्रेस कोल्हापूरहून मुंबईला सुटते ती ११०३०, सम. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून गोंदियाला निघते ती ११०३९, विषम. दोन्ही ह्याच स्टेशनातून सुटणाऱ्या. भोंग्यावर "एक एक शून्य तीन..." एवढं कानावर पडलं आणि शेवटचा आकडा फेरीवाल्याच्या आवाजात बुडाला, तर मुंबईची की गोंदियाची, हे कळायला मार्ग नाही. शेवटचा आकडा ऐकल्याशिवाय उठू नका.

पहिला आकडा मात्र खरोखर उपयोगी आहे. डिसेंबर २०१० पासून सगळे क्रमांक पाच आकडी झाले. १ आणि २ ने सुरू होणाऱ्या लांब पल्ल्याच्या, ५ साधी पॅसेंजर, ६ मेमू (विजेवरची लोकलसारखी गाडी), ७ डेमू (तशीच, पण डिझेलवरची). आणि शून्य म्हणजे विशेष गाडी.

मग सह्याद्रीच्या क्रमांकात शून्य का आलं?

मूळची सह्याद्री एक्सप्रेस (११०२३/११०२४) मुंबईची गाडी. २०२० च्या कोरोनाकाळात ती बंद पडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली ती ०१०२३/०१०२४ अशा विशेष क्रमांकाने आणि फक्त पुण्यापर्यंत. लोकांच्या तोंडी नाव तेच राहिलं, त्यामुळे "सह्याद्रीने मुंबईला जातो" म्हणून निघालेले पुण्यात उतरून विचारत बसले. शून्य दिसलं की तीन गोष्टी तपासा: गाडी कुठपर्यंत जाते, कुठल्या तारखेपर्यंत चालणार आहे आणि भाडं नेहमीचंच आहे की जास्त.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसचंही तसंच. बंगळुरूची ही गाडी पूर्वी कोल्हापूरपर्यंत यायची, नंतर तिचा शेवट मिरज-सांगली भागातच होऊ लागला. जुन्या माणसांच्या डोक्यात ती अजून कोल्हापूरलाच येते.

मिरजेत पाऊण तास उशीर होता, कोल्हापुरात वेळेवर कशी काय आली?

ड्रायव्हरने जोरात हाणली असं नाही. वेळापत्रक बनवताना गाडीला उशीर भरून काढण्यासाठी राखीव वेळ दिलेला असतो, आणि त्यातला बराच भाग शेवटच्या टप्प्यात ठेवलेला असतो. आपला शेवटचा टप्पा मिरज ते कोल्हापूर. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, पण वेळापत्रकातली मिनिटं मोजली तर वाटेल गाडी रमतगमत येते. तो वेळ पाहुणचारासाठी नाही, उशीर जिरवण्यासाठी आहे. शेवटच्या स्टेशनावर वेळेत पोचली की कागदावर गाडी वेळेवर.

म्हणून ॲपवर मिरजेचा उशीर बघून तेवढ्याच उशिरा घरून निघू नका. मावशी फलाटावर बॅगांवर बसलेल्या आणि आपण अजून दसरा चौकात, असं माझ्या मेव्हण्याचं दोनदा झालंय.

ह्याची दुसरी बाजूही आहे. कोल्हापूर–मिरज मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशा कुठल्याही स्टेशनात क्रॉसिंगला थांबावं लागतं. त्यामुळे तो राखीव वेळ कधी पूर्ण वाचतो, कधी पूर्ण खर्च होतो. गूळ मार्केटपर्यंत दहा मिनिटं आधी आलेली गाडी सिग्नलला उभी राहिली की आतल्या सगळ्यांना राजारामपुरीतलं आपलं घर दिसायला लागतं, पण दार उघडून उतरता येत नाही. (उतरतातही काही जण. कृपा करून उतरू नका.)

ॲपवर 'वेळेवर' लिहिलंय, फलाटावर तर गाडीच नाही.

कोल्हापूर हे गाडीचं सुरुवातीचं स्टेशन. सुटायची वेळ टळत नाही किंवा नवी वेळ जाहीर होत नाही, तोवर गाडी 'वेळेवर'च दिसते, कारण तिचा प्रवास सुरूच झालेला नसतो. प्रत्यक्षात अनेकदा बाहेरून आलेलीच गाडी झाडूनपुसून, पाणी भरून दुसऱ्या नावाने सुटते. ह्या डब्यांच्या संचाला रेल्वेत रेक म्हणतात. येणारा रेक कराडजवळ अडकला असेल तर जाणारी गाडी वेळेवर सुटणं अवघडच. नेहमी जाणाऱ्यांना विचारा, "हा रेक कुठल्या गाडीचा?" मग आपल्या गाडीऐवजी त्या गाडीचं स्टेटस बघा. माझ्या मते हा एक प्रश्न दहा ॲपांपेक्षा भारी आहे.

दोन ॲप दोन ठिकाणं दाखवतात. खरं कुठलं?

दोघांचा स्रोत वेगळा असतो. रेल्वेची स्वतःची माहिती येते ती स्टेशनांच्या नोंदींवरून, आणि इस्रोच्या मदतीने बऱ्याच इंजिनांवर बसवलेल्या उपग्रह यंत्रणेवरून. 'व्हेअर इज माय ट्रेन'सारखी ॲप गाडीत बसलेल्या प्रवाशाच्या मोबाइलला जवळचा टॉवर कुठला मिळतो त्यावरूनही जागा ओळखू शकतात, म्हणून ती इंटरनेट नसतानाही चालतात. तुम्ही गाडीत असाल तर हे दुसरं चांगलं. वाठार–आदर्कीच्या वळणांत जिथं रेंज जाते, तिथं मात्र गाडीचं चिन्ह एका जागी खिळतं आणि मग एकदम उडी मारतं. घरी बसून बघत असाल तर रेल्वेचं स्टेटस बघा आणि 'शेवटची नोंद किती वाजताची' हे आधी वाचा. चाळीस मिनिटांपूर्वीची नोंद म्हणजे बातमी नव्हे, इतिहास.

ॲपवरचा फलाट क्रमांक हा नेहमीचा फलाट असतो. आजचा फलाट स्टेशनच सांगणार.

रिशेड्यूल, रेग्युलेट, शॉर्ट टर्मिनेट, डायव्हर्ट... म्हणजे गाडी रद्द का?

नाही, आणि चारही शब्दांचा अर्थ वेगळा आहे. रिशेड्यूल म्हणजे मूळ स्टेशनावरूनच गाडी उशिरा सोडणार. रेग्युलेट म्हणजे सुटेल वेळेवर, पण वाटेत कुठेतरी रोखून धरणार. "अमुक गाडी ४० मिनिटं रेग्युलेट" वाचून लोकांना वाटतं गाडी नियमित झाली! शॉर्ट टर्मिनेट म्हणजे ठरलेल्या स्टेशनाआधीच प्रवास संपणार. डायव्हर्ट म्हणजे दुसऱ्या मार्गाने जाणार, आणि तुमचं स्टेशन त्या मार्गावर नसेल तर गाडी चालू असूनही तुमच्यासाठी ती नाहीच.

पुणे–मिरज दुहेरीकरणाच्या कामासाठी वेळोवेळी ब्लॉक घेतले गेले, म्हणजे काही तास वाहतूक बंद ठेवली गेली, तेव्हा हे शब्द आपल्याकडे घरोघरी पोचले. पावसाळ्यात तर हमखास. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी वाढलं आणि मिरज–कोल्हापूर वाहतूक बंद ठेवावी लागली. अशा वेळी 'मिरजेपर्यंत' हा एक शब्द बातमीच्या शेवटी असतो आणि नेमका तोच वाचायचा राहतो. पूर आला की रस्ताही बंद असतो, म्हणजे मिरजेत उतरून वडापने येऊ, हा बेतही चालत नाही.

माझा डबा पुढे येणार की मागे?

डब्यांचा क्रम इंजिनापासून मोजतात. ॲपवरच्या चित्रात इंजिन डावीकडे असो वा उजवीकडे, आपण फलाटावर कुठल्या टोकाला उभे आहोत हे चित्राला माहीत नसतं. कोल्हापूर शेवटचं स्टेशन असल्याने इथं सोपं आहे: सुटणाऱ्या गाडीचं इंजिन मिरजेच्या बाजूला. तिकडून मोजायला सुरुवात करा.

फसगत होते ती वाटेत दिशा बदलणाऱ्या गाडीत. महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेकडून पुण्यात येते आणि दौंडकडे जाते. हे दोन्ही मार्ग पुणे स्टेशनाच्या एकाच बाजूला फुटतात. म्हणून पुण्यात इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि कोल्हापुरात पुढे असलेला डबा पुण्यापुढे मागे जातो. "तू बसलास तेव्हा पुढून तिसरा होता ना?" असं म्हणून नागपूरला घ्यायला आलेला भाऊ फलाटाच्या नेमका दुसऱ्या टोकाला उभा. डबा सांगताना 'पुढून तिसरा' न सांगता 'एस-३' सांगा.

अक्षरं थोडक्यात: एस स्लीपर, बी थ्री एसी, एम थ्री एसी इकॉनॉमी, ए टू एसी, एच फर्स्ट एसी, सी चेअर कार, डी सेकंड सिटिंग. 'जीएस' किंवा 'यूआर' दिसलं की जनरल.

नागपूरला जायचंय. दोन गाड्या दिसतात, भाडं आणि वेळ वेगवेगळी का?

कारण मार्गच वेगळे आहेत. रोजची महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, अहिल्यानगर, मनमाड असा मोठा फेरा घेते. कोल्हापूर–नागपूर एक्सप्रेस मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूरकडून जाते आणि ती रोज नाही. मधल्या स्टेशनावर कोणी जेवणाचा डबा घेऊन भेटणार असेल तर गाडीचं नाव सांगणं पुरेसं नाही, मार्ग सांगा. दौंडला भेटायचं ठरवलं असेल तर हेही बघा की गाडी दौंडला थांबते की दौंड कॉर्ड लाईनला. ती दोन वेगळी स्टेशनं आहेत.

वेटिंगपुढची अक्षरं काय सांगतात?

गाडीच्या मूळ स्टेशनापासून किंवा त्याच्या जवळून काढलेल्या तिकिटाला बहुधा जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण प्रतीक्षा यादी. ती त्यातल्या त्यात लवकर सरकते. आरएलडब्ल्यूएल ही मधल्या स्टेशनांच्या कोट्याची आणि पीक्यूडब्ल्यूएल ही सामायिक कोट्याची. ह्यांत जागाच थोड्या, त्यामुळे वेटिंग ८ असलं तरी हुरळून जाऊ नका. जीएनडब्ल्यूएल २५ आधी कन्फर्म झालेलं मी बघितलंय. आरएसी म्हणजे बसायला जागा नक्की, झोपायला नशीब.

चार्ट, म्हणजे कोणाला कुठली जागा ह्याची अंतिम यादी, पूर्वी गाडी सुटण्याच्या साधारण ४ तास आधी लागायचा. २०२५ मध्ये तो आधी ८ तास आणि वर्षाच्या शेवटी १० तास आधी करायचं ठरलं, आणि सकाळच्या गाड्यांचा आदल्या रात्रीच. इथंही वेळ धरतात ती गाडीच्या मूळ स्टेशनाची. ऑनलाइन तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं; ते घेऊन गाडीत चढू नका.

दोन घाबरवणाऱ्या गोष्टी, ज्यांत घाबरण्यासारखं काही नाही: फर्स्ट एसीचं तिकीट कन्फर्म असतं पण केबिन चार्टच्या वेळी कळते. आणि चार्टनंतर थ्री एसीच्या तिकिटावर टू एसीचा डबा दिसला तर तो फुकट मिळालेला अपग्रेड आहे, दंड नाही.

दादरला उतरल्यावर फलाट क्रमांक जुळत नाहीत.

डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट वेगवेगळे १ पासून मोजत. आता सलग आहेत: पश्चिमचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. मामांनी दहा वर्षांपूर्वी सांगितलेला फलाट विसरा.

मिरजेचं साधं तिकीट आहे. एक्सप्रेसने गेलं तर चालेल?

नाही. पॅसेंजर-डेमूचं तिकीट एक्सप्रेसमध्ये चालत नाही. खिडकीवर नुसतं "एक मिरज" म्हणू नका, कुठल्या गाडीने ते सांगा. आणि जवळच्या अंतराचं जनरल तिकीट सकाळी काढून ठेवून संध्याकाळी वापरता येत नाही. २०० किलोमीटरच्या आतल्या तिकिटाला काढल्यापासून ३ तासांत, किंवा त्यानंतरची पहिली गाडी उशिराची असेल तर त्या गाडीने, निघावं लागतं.

गाडी खूपच उशिरा आहे, जायचंच नाही. पैसे परत मिळतात?

तुमच्या चढण्याच्या स्टेशनावर गाडी ३ तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे मिळतात. अट एकच: गाडी तिथून प्रत्यक्ष सुटण्याआधी ऑनलाइन टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरायचा. तिकीट नेहमीसारखं 'रद्द' केलंत तर कपात होते. म्हणून रागाच्या भरात पहिलं दिसेल ते बटण दाबू नका. काही अडलं तर १३९ ला फोन लावा. फक्त त्यांनी गाडीची तारीख विचारली, की कुठली तारीख विचारतायत ते आधी विचारून घ्या.